गिटार बनवायला शिकताय? प्रत्येक सल्ल्यामागची अट शोधा

गिटार बनवण्याची माहिती इंटरनेटवर भरपूर आहे. अडचण वेगळीच आहे. "वरची पाटी किती जाड ठेवू?" एवढा साधा प्रश्न विचारला तरी कुणी 2 मिलिमीटर सांगतं, कुणी 3, आणि दोघांनीही वर्षानुवर्षं चांगल्या गिटारी बनवलेल्या असतात. नवख्याला वाटतं, यातला एकजण नक्की चुकतोय. बहुतेक वेळा कुणीच चुकत नसतं. 2 सांगणारा नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार बनवतो आणि 3 सांगणारा स्टीलच्या तारांची. रोजचं काम करून त्यांच्या अंगवळणी पडलेली ही अट सांगायची मात्र राहून जाते.

म्हणून माहिती पारखताना मी सांगणाऱ्याचं नाव किंवा व्हिडिओचे व्ह्यूज आधी बघत नाही. हा सल्ला कोणत्या गिटारला, कोणत्या हवेत, कोणत्या तारांना आणि कोणत्या हत्यारांनी लागू आहे, हे त्यानं सांगितलंय का, ते बघतो. सांगितलं असेल तर पुढे वाचायचं. नसेल तर अट आपण शोधून काढायची, आणि सापडत नसेल तर त्या सल्ल्यावर लाकूड कापायचं नाही.

कोल्हापुरात बसून गिटार बनवणाऱ्याला हे जास्तच लागू आहे. आपण वाचतो ते बहुतेक सगळं अमेरिका, इंग्लंड किंवा स्पेनमधल्या कारागिरांनी लिहिलेलं असतं. त्यांचं लाकूड वेगळं, हिवाळा वेगळा, दुकानात मिळणारा गोंदही वेगळा.

सगळ्यात आधी गिटारची जात विचारा. क्लासिकल गिटारच्या सहा तारा मिळून साधारण 40 किलोचा ताण देतात. स्टीलच्या लाइट गेज, म्हणजे कमी जाडीच्या, तारांचा ताण 70 किलोच्या वर जातो. पाटीखालच्या आधारपट्ट्यांची, म्हणजे ब्रेसिंगची, रचना या फरकावर ठरते. क्लासिकलमध्ये पंख्यासारख्या पसरलेल्या पट्ट्या असतात. एकोणिसाव्या शतकात स्पेनच्या अँटोनियो दे तोरेस यांनी त्या रचनेला आज चालणारं रूप दिलं. स्टीलच्या गिटारीत फुलीसारखी एक्स ब्रेसिंग असते. ती 1840 च्या दशकात मार्टिनच्या कारखान्यात आली तेव्हा गिटारला आतड्याच्या तारा लावत. पुढे स्टीलच्या तारा आल्या आणि तो जास्तीचा ताण हीच रचना पेलू शकली. क्लासिकलच्या नकाशावरून गिटार बनवून तिला स्टीलच्या तारा लावल्या तर काही महिन्यांत ब्रिजच्या, म्हणजे पाटीवर तारा अडकवायच्या पट्टीच्या, मागे पोट फुगतं आणि ब्रिजच्या पुढची पाटी खचते. इलेक्ट्रिक गिटारचं शास्त्र आणखी निराळं, कारण तिचं अंग भरीव लाकडाचं असतं आणि आवाज पिकअप, म्हणजे तारांची कंपनं विजेत बदलणारा भाग, उचलतो.

फ्रेटचं गणित: इथे कुणावर विश्वास ठेवायची गरजच नाही

काही माहिती अशी असते की ती बरोबर आहे का हे तुम्ही घरात बसून, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तपासू शकता. फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, जागा त्यातल्या पहिल्या. एवढं सोपं असूनही सर्वात जास्त लोक इथेच दुसऱ्याच्या तयार आकड्यांवर विसंबतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तार वरच्या टोकाला ज्या पट्टीवर टेकते ती नट, आणि खाली ब्रिजवर जिच्यावर टेकते ते सॅडल. नटपासून सॅडलपर्यंतची हिशोबातली लांबी म्हणजे स्केल लेंग्थ. समजा ती 648 मिमी आहे. साडेपंचवीस इंची स्केल म्हणतात ती हीच. एका सप्तकाचे बारा समान भाग पाडायचे तर प्रत्येक स्वराची कंपनसंख्या आधीच्या स्वराच्या 1.05946 पट लागते, कारण हा आकडा बारा वेळा स्वतःशी गुणला की 2 येतो. यातून फ्रेटचा नियम निघतो. उरलेल्या तारेच्या लांबीला 17.817 ने भागायचं; येईल तेवढ्या अंतरावर पुढचा फ्रेट. 648 भागिले 17.817 म्हणजे 36.37 मिमी, हा पहिला फ्रेट. उरले 611.63. त्याला पुन्हा 17.817 ने भागलं की 34.33, म्हणजे दुसरा फ्रेट नटपासून 70.70 मिमीवर. असं करत गेलं की बारावा फ्रेट नेमका 324 वर येतो, अर्ध्यावर. कुठलाही तक्ता, कुठलंही ॲप, कुणी छापून दिलेली पट्टी घ्या. बारावा फ्रेट अर्ध्यावर नसेल तर ती बाजूला ठेवा.

जुन्या लिखाणात 17.817 ऐवजी सरळ 18 ने भागायला सांगितलेलं सापडतं. कागदकामाला सोपा म्हणून तो नियम कित्येक पिढ्या चालला. त्यानं पहिला फ्रेट 36 मिमीवर येतो, फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण फरक साचत जातो आणि बारावा फ्रेट 321.6 वर पडतो. दोन मिमीहून जास्त चूक. ही चूक कानाला किती कळते? एका अर्धस्वराचे शंभर भाग म्हणजे सेंट. बाराव्या फ्रेटजवळ एक मिमी सरकलं की साधारण पाच सेंट फरक पडतो, पहिल्या फ्रेटजवळ तीनच्या आत. आपले सुतार सुतात बोलतात, आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिमीच्या आसपास. दाराच्या चौकटीला सुताचा फरक खपून जातो. बाराव्या फ्रेटला एक सूत चुकलं तर सतरा सेंट बेसूर, म्हणजे गाणं न शिकलेल्यालाही खटकेल.

आखताना प्रत्येक फ्रेट नटपासून मोजा, आधीच्या फ्रेटपासून नको. नाहीतर प्रत्येक वेळची बारीक चूक पुढच्यात मिसळत जाते. इंच आणि मिलिमीटर एकाच कामात मिसळू नका. "24.75 इंची स्केल" असं कुठे वाचलं तर तो आकडा नावापुरता समजा, त्या नावाच्या पुष्कळ गिटारींची खरी स्केल मोजल्यावर थोडी कमीच भरते. समोर गिटार असेल तर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजून दुप्पट करा. चॅटबॉटनं दिलेला तक्ताही याच भागाकारातून काढून बघा. तो आत्मविश्वासानं चुकीचे आकडे देऊ शकतो, आणि लाकूड कापल्यावर परत जोडता येत नाही.

आता अटीचा भाग. हे गणित फ्रेटच्या जागेला लागू आहे, सॅडलच्या नाही. तार फ्रेटवर दाबली की ती किंचित ताणली जाते आणि स्वर चढतो. तो चढ भरून काढायला सॅडल हिशोबातल्या लांबीपेक्षा थोडं मागे घ्यावं लागतं: स्टीलच्या गिटारीत बारीक तारेला साधारण 2 ते 3 मिमी आणि जाड तारेला 4 ते 5, म्हणून ते तिरकं दिसतं. नायलॉनला याहून कमी. हे मागे सरकवणं तारेच्या जाडीवर आणि फ्रेटपासूनच्या उंचीवर ठरतं, म्हणून इथे वेगवेगळे आकडे सापडणारच. सॅडल बरोबर 648 वर बसवायला सांगणारा माणूस एक तर सोपं करून सांगतोय किंवा त्यानं स्वतः तार लावून बघितलेली नाही.

मोजण्याच्या बाबतीत कोल्हापूरकर सुदैवी आहेत. शिवाजी उद्यमनगरात व्हर्निअर, सरळ पोलादी पट्टी आणि सरफेस प्लेट हाताळणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. फिंगरबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवायची पट्टी, सपाट आहे का, हे तिथला फिटर क्षणात सांगेल. फ्रेटच्या खाचेची रुंदी 0.6 मिमीच्या आसपास लागते आणि साधी करवत त्याहून रुंद कापते, त्यामुळे फ्रेट ढिला बसतो. मिलिंग मशीनवर पातळ स्लिटिंग कटर लावून त्या खाचा एका बैठकीत पाडून मिळू शकतात. परदेशी व्हिडिओ यासाठी महागडी जिग, म्हणजे करवत नेमक्या जागी धरणारा साचा, घ्यायला सांगतात. आपल्या गावात टॉलरन्स म्हणजे काय हे समजणारा माणूस चहाच्या टपरीवर भेटतो, त्याला विचारा.

हवा बदलली की सल्ला बदलतो

सगळ्यात जास्त नुकसान करणारे सल्ले हवामानाचे असतात. थंड देशांत हिवाळ्यात घरं तापवतात, आतली हवा कोरडी पडते, लाकूड तडकतं. म्हणून तिकडचे लोक सांगतात, गिटारच्या केसमध्ये ओलावा देणारी डबी ठेवा. कोल्हापुरात जुलैमध्ये, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेलेला असताना, हे केलं तर आधीच फुगलेल्या लाकडाला आणखी पाणी पाजल्यासारखं होईल.

यामागचं कारण समजलं की पाठ करायला काही उरत नाही. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. हवेतली आर्द्रता 85 टक्के असेल तर मुरलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या 17-18 टक्के पाणी असतं. 40 टक्क्यांना ते 7-8 वर येतं. या फरकानं लाकूड रेषांच्या आडव्या दिशेला आकसतं, रेषांच्या लांबीत जवळजवळ नाही. स्प्रूसची, म्हणजे गिटारच्या वरच्या पाटीला वापरतात त्या सूचिपर्णी लाकडाची, 400 मिमी रुंद पाटी एवढ्या फरकानं चार-पाच मिमी आकसू शकते. पण तिच्या खाली आडव्या चिकटवलेल्या ब्रेस आपल्या लांबीत आकसत नाहीत. पाटीला लहान व्हायचंय आणि ब्रेस तिला होऊ देत नाहीत. पावसाळ्यात चिकटवलेली गिटार मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी फाटते ती यामुळे.

म्हणून ब्रेस आणि पाट्या चिकटवायचं काम 40 ते 50 टक्के आर्द्रतेत करावं, हा नियम जगभर एकच आहे. तिथे पोचायचे मार्ग वेगळे. तिकडे ओलावा घालतात, आपण काढायचा. पावसाळ्यात नेक तासा, साचे बनवा, फ्रेटचा सराव करा, आणि चिकटवायचं काम दिवाळीनंतरसाठी ठेवा. थांबायचं नसेल तर बंद पेटीत किंवा लहान खोलीत डिह्युमिडिफायर लावा.

आर्द्रता दाखवणारं स्वस्तातलं डिजिटल यंत्रही तपासल्याशिवाय वापरू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाण्यानं ओलसर करा, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि यंत्र हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. आतली हवा 75 टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र 70 दाखवत असेल तर ते पाच कमी दाखवतंय, एवढं लक्षात ठेवून पुढे वापरा.

गोंदाचंही असंच. परदेशी लिखाणात पिवळ्या टाइटबाँडचं नाव वारंवार येतं. आपल्याकडे लोक सहज पांढरा फेविकॉल वापरतात. साधा पांढरा गोंद फर्निचरच्या सांध्यांना चांगला, पण गिटारच्या ब्रिजवर रात्रंदिवस ताण असतो आणि उन्हाळ्यात गाडीत ठेवलेली गिटार चांगली तापते. अशा सतत ताणाखाली तो हळूहळू सरकतो. जुने कारागीर सरस, म्हणजे प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला गोंद, वापरतात. तो वाळल्यावर कडक होतो आणि गरम पाण्यानं पुन्हा सुटतो, त्यामुळे दुरुस्ती सोपी जाते. गोंदाच्या बाबतीत व्हिडिओपेक्षा कंपनीचं तांत्रिक माहितीपत्रक वाचा. किती तापमानात लावायचा, किती मिनिटांत सांधा जुळवायचा, किती वेळ शिकंजात ठेवायचा, सगळं त्यात लिहिलेलं असतं.

आपल्या हवेत तंतुवाद्य कसं टिकतं हे माहीत असणारी माणसं शोधायला परदेशात जायला नको. मिरज इथून पन्नासेक किलोमीटरवर. तिथली सतार-तंबोरे बनवणारी घराणी पिढ्यान्पिढ्या याच पावसात आणि याच उन्हाळ्यात काम करत आली आहेत, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. सतारीला लागणारं तूण लाकूड किती वर्षं मुरवायचं, पावसाळ्यात कोणतं काम थांबवायचं, लाखेचं पॉलिश दमट दिवशी पांढरट का पडतं, हे त्यांच्याइतकं नेमकं कुठल्याच व्हिडिओत मिळणार नाही. आदरानं जा, वेळ विचारून जा, गिऱ्हाइकांच्या गर्दीत त्यांना अडवू नका. अट इथेही आहे. सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारचे फ्रेट कायमचे ठोकलेले असतात. सतारीच्या घोडीची जवारी, म्हणजे तारेला झंकार देणारा तिचा घासलेला माथा, आणि गिटारचं सॅडल यांची कामं वेगळी. लाकूड, सरस, पॉलिश आणि ऋतू याबद्दल त्यांचा शब्द घ्या. फ्रेट आणि सॅडलचं गणित मात्र गिटारवाल्यांकडूनच शिका.

लाकडाच्या गोष्टी

लाकडाच्या आवाजाबद्दल जितकं लिहिलं जातं तितकं कशाबद्दलच नाही, आणि इथे सर्वात जास्त सावध राहावं असं मला वाटतं. हे लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण लाकूड किंवा महागड्या गिटारी विकतात. म्हणून ते खोटंच बोलतात असं नाही, पण हा दावा खरा ठरला तर फायदा कुणाचा, हा प्रश्न मनात ठेवून वाचावं.

तोरेस यांनी 1862 मध्ये एक गिटार बनवली. तिची वरची पाटी स्प्रूसची, पण मागची आणि कडेची बाजू कागदाच्या लगद्याची. आवाज मुख्यतः वरच्या पाटीतून येतो हे त्यांना दाखवायचं होतं. 2018 मध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच काटेकोर पद्धतीनं तपासलं. एकाच कारागिराकडून सहा एकसारख्या गिटारी बनवून घेतल्या, फक्त मागचं आणि कडेचं लाकूड वेगळं. त्यात अतिशय महाग ब्राझिलियन रोझवूडही होतं आणि स्वस्त सापेलेही. 52 वादकांनी मंद उजेडात, वेल्डिंगचे गॉगल लावून त्या वाजवल्या, म्हणजे कोणती कोणत्या लाकडाची हे त्यांना दिसू नये. त्यांनी दिलेल्या गुणांमध्ये लाकडामुळे फारसा फरक पडला नाही. या प्रयोगाचीही अट लक्षात घ्या: तो मागच्या आणि कडेच्या लाकडाबद्दल आहे. वरच्या पाटीचा ताठपणा, वजन आणि जाडी यांना तो लागू करू नका, तिथे फरक नक्की पडतो.

पहिल्या गिटारला म्हणूनच टिंबर मार्केटमध्ये मिळणारं नीट मुरलेलं, सरळ रेषांचं महोगनी किंवा तूण घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या स्प्रूसच्या पाटीवर घाला. लाकडाबद्दल शोधताना मात्र वनस्पतिशास्त्रीय नाव वापरा. उत्तरेत शीशम म्हणतात तो डालबर्जिया सिस्सू, आणि आपल्याकडची शिसव, जिला जग इंडियन रोझवूड म्हणतं, ती डालबर्जिया लॅटिफोलिया. एकीची मापं दुसरीला लावली तर वाकवताना फाटण्याचा धोका.

माहितीची तारीखही बघा. 2 जानेवारी 2017 पासून ब्राझिलियन सोडून रोझवूडच्या सगळ्या जाती सायटिस या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या परिशिष्ट दोनमध्ये आल्या आणि रोझवूडची गिटार परदेशी विकायला पाठवताना कागदपत्रं लागू लागली. त्या काळातले घाबरवणारे लेख अजून सर्चमध्ये वर येतात. 26 नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूड मात्र 1992 पासून परिशिष्ट एकमध्ये आहे आणि त्याचे निर्बंध कायम आहेत.

धुळीला अट नाही

एकच सल्ला असा आहे की जो कुठल्याही गावात, कुठल्याही गिटारला, कुठल्याही ऋतूत लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात धरते. शिसवीच्या धुळीनं अनेकांच्या अंगावर पुरळ उठतं आणि श्वासाचा त्रास होतो. कापडी रुमाल पुरत नाही. एन-95 मास्क लावा, शक्यतो उघड्यावर घासा. मास्कशिवाय शिसव घासणारा माणूस व्हिडिओत दिसला तर त्याच्या बाकीच्या सल्ल्यांकडेही जरा संशयानं बघा.

वाचायला कुठून सुरुवात करावी? गिल्ड ऑफ अमेरिकन ल्युथिअर्स ही कारागिरांची संस्था 1972 पासून आपसातलं ज्ञान उघडपणे वाटत आलीय. गिटार आवाज कसा काढते हे समजायचं असेल तर ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठानं संगीताच्या भौतिकशास्त्रावर मोफत ठेवलेलं लिखाण वाचा. त्यांना तुम्हाला काही विकायचं नाही. व्हिडिओ निवडताना गिटार शेवटी तारा लावून वाजवलेली दिसते का आणि वर्षा-दोन वर्षांनी तीच गिटार पुन्हा दाखवलीय का, एवढं बघा.

अनुभवी माणसाला काही विचारायचं असेल तर अटी तुम्हीही सांगा: गिटारची जात, स्केल, तारांची गेज, आर्द्रता किती, लाकूड कोणतं, आणि उजेडात काढलेले फोटो. "माझी गिटार बेसूर आहे, काय करू?" याला कुणीही नीट उत्तर देऊ शकत नाही.

आणि पहिली गिटार हातात घेण्याआधी एका तारेची पट्टी बनवा. सरळ, कडक लाकडाचा 750 मिमी लांब तुकडा, एका टोकाला ट्यूनिंग की, दुसऱ्या टोकाला तार अडकवायला स्क्रू, आणि मध्ये नट व सरकवता येईल असं सॅडल. स्केल 648 धरा आणि फक्त तीन फ्रेट बसवा: पाचवा 162.55 मिमीवर, सातवा 215.51 वर, बारावा 324 वर. गिटारची बारीक स्टीलची तार लावा, मोबाइलवर ट्यूनर उघडा. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून छेडा, मग तिथेच दाबून छेडा. दाबलेला स्वर चढा आला तर सॅडल मागे घ्या, उतरलेला आला तर पुढे. दोन्ही जुळले की पाचवा आणि सातवा तपासा. दोघेही थोडे चढे येत असतील तर तुमची नटची खाच उंच आहे, ती बारीक कानशीनं खोल करा. एकच चुकत असेल तर त्या फ्रेटची जागा नटपासून व्हर्निअरनं पुन्हा मोजा.